विश्वेश्वरय्यांची पहिली नोकरी

माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, शाळेच्या आठवणी लिहाव्यात. पण मधल्या सुट्टीतले चिंच-आवळे, पावसात गळणारा सातवी ब चा वर्ग आणि पीटीच्या सरांची शिट्टी यांवर निदान दहा जण तरी लिहिणार, याची खात्री होती. म्हणून मी एका माणसाची गोष्ट लिहायचं ठरवलं. ती आपल्या सर्वांना अर्धीमुर्धी माहीत आहे.

दरवर्षी १५ सप्टेंबरला आमच्या ऑफिसात इंजिनिअर्स डे साजरा होतो. केक कापला जातो आणि म्हैसुरी फेटा घातलेल्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा फोटो स्क्रीनवर येतो. कृष्णराजसागर धरण, भारतरत्न आणि शंभरी ओलांडलेलं आयुष्य अशा तीन ओळी वाचून सगळे आपापल्या जागेवर जातात. मीही कितीतरी वर्षं तेच करत होते. नंतर कधीतरी त्यांचं चरित्र वाचायला घेतलं आणि धरणांच्या आधीच्याच प्रकरणात अडकले. कॉलेज संपणं आणि पहिली नोकरी लागणं यांच्यामधला तो भाग होता. मी तिथे का अडकले, हे जरा सविस्तर सांगते.

२००२ साली माझ्या हातात इंजिनिअरिंगची पदवी होती आणि कॅम्पसमधून मिळालेलं एक ऑफर लेटरही होतं. घरी पेढे वाटून झाले होते. मग रुजू होण्याची तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि नंतर कंपनीने फोन उचलणंच बंद केलं. तेव्हा सगळ्या आयटी क्षेत्रात मंदी होती, पण घरी बसलेल्या मुलीला मंदी दिसत नाही. तिला फक्त शेजारच्या काकूंचा रोजचा प्रश्न ऐकू येतो. असे आठ महिने गेले. त्यातून मला बाहेर काढलं ते आपल्याच शाळेच्या, आपल्यापेक्षा सहा वर्षं पुढे असलेल्या एका ताईने. तिने मला पुण्यात आपल्या खोलीवर ठेवून घेतलं, माझा बायोडेटा लाल पेनने खाडाखोड करून तीनदा लिहायला लावला आणि रात्री जेवण झाल्यावर समोर बसवून माझ्या मुलाखती घेतल्या. शेवटी एका छोट्या कंपनीत टेस्टिंगचं काम लागलं. पगार फारसा नव्हता, पण पाय जमिनीला लागले. ताईचं नाव इथे लिहिलेलं तिला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही.

त्यामुळे विश्वेश्वरय्यांच्या चरित्रात मी धरणांच्या आधी एकच गोष्ट शोधली. या माणसाला पहिल्या नोकरीपर्यंत कोणी पोहोचवलं?

त्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या गावचा. वडील संस्कृतचे जाणकार होते, घरात विद्या होती, पैसा नव्हता. विश्वेश्वरय्या शाळेत असतानाच वडील गेले. पुढच्या शिक्षणासाठी ते बंगळूरला मामांच्या आधाराने राहिले. सेंट्रल कॉलेजात शिकत असताना खर्च भागवण्यासाठी त्यांनी एका अधिकाऱ्याच्या घरी मुलांच्या शिकवण्या घेतल्या. १८८१ मध्ये ते बी. ए. झाले. मद्रास विद्यापीठाची पदवी, उत्तम गुण आणि पुढे काय करायचं याचं मात्र उत्तर नाही. त्या काळच्या हुशार पण गरीब मुलांपुढे पदवीनंतर बहुतेक एकच वाट असे: कचेरीत कारकून किंवा शाळेत मास्तर.

इथे त्यांच्या आयुष्यात दोन माणसं आली. एक कॉलेजचे प्राचार्य चार्ल्स वॉटर्स. या मुलाचं गणित चांगलं आहे आणि त्याने इंजिनिअर व्हावं, हे त्यांनी ओळखलं आणि योग्य ठिकाणी शब्द टाकला. दुसरे म्हैसूर संस्थानचे दिवाण रंगाचार्लू. पन्नास वर्षांच्या इंग्रजी कारभारानंतर १८८१ मध्येच म्हैसूरचं राज्य वडियार घराण्याकडे परत आलं होतं. नव्या राज्याला आपली माणसं तयार करायची होती. संस्थानाने विश्वेश्वरय्यांना शिष्यवृत्ती दिली आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये पाठवलं. आपण ज्याला सीओईपी म्हणतो, ते हेच कॉलेज.

म्हणजे कानडी मुलखातला एक मुलगा मामांचा आधार, शिकवणीचे पैसे, प्राचार्यांचा शब्द आणि दिवाणांची शिष्यवृत्ती एवढी शिदोरी घेऊन मराठी गावात आला. यातली एक जरी गोष्ट कमी पडली असती, तर कदाचित आपण १५ सप्टेंबरला दुसऱ्याच कुणाचा फोटो लावला असता.

पुण्यात त्यांनी जीव तोडून अभ्यास केला आणि १८८३ च्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिला नंबर मिळवला. त्यांना जेम्स बर्कले पारितोषिक मिळालं. बर्कले म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे बांधणारे इंजिनिअर. पण मला पारितोषिकापेक्षा दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या कॉलेजातून वर येणाऱ्या विद्यार्थ्याला सरकारी बांधकाम खात्यात जागा देण्याची हमी सरकारने घेतलेली होती. त्यामुळे निकाल लागल्यावर विश्वेश्वरय्यांना अर्ज घेऊन दारोदार फिरावं लागलं नाही. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाले. कॉलेजच्या दारातून बाहेर पडताना पुढचं दार उघडंच होतं. आपल्यापैकी ज्यांनी कॅम्पसच्या रांगेत उभं राहून पाहिलं आहे, त्यांना या एका वाक्याची किंमत कळेल.

पण नोकरी लागली म्हणजे माणूस कामाला लागला असं नसतं, हेही त्यांच्याच आयुष्यात दिसतं. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांच्याकडे धुळे भागातलं एक काम आलं. पांझरा नदीच्या प्रवाहाखालून पाण्याचा नळ न्यायचा होता. याला सायफन म्हणतात. पाणी एका काठावरून नळात उतरतं, नदीच्या पोटाखालून जातं आणि पलीकडच्या काठावर स्वतःच्या दाबाने वर चढतं. कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात पावसाळा आला, नदीला पूर येऊ लागला, गाळ आणि वाळूने काम बुजायला लागलं. चोवीस-पंचविशीच्या आतबाहेरच्या या नव्या इंजिनिअरने वरिष्ठांना कळवलं की काम पावसाळा संपेपर्यंत थांबवावं.

वरिष्ठांना ते पटलं नाही. त्यांनी कडक शब्दांत सुनावलं आणि कारकिर्दीची ही सुरुवात चांगली नाही, असं स्पष्ट कळवलं. पहिल्या नोकरीत असं पत्र हातात आलेल्या मुलाची अवस्था काय झाली असेल, ते मी सांगायला नको. माझ्या पहिल्या वर्षी मी चुकीची फाइल सर्व्हरवर चढवली होती, तेव्हा आलेली ईमेल मला आजही पाठ आहे. विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही आणि राजीनामाही दिला नाही. त्यांनी ते काम पुन्हा हातात घेतलं, पुराच्या आणि गाळाच्या अडचणींतून वाट काढली आणि सायफन पुरा केला. महत्त्वाचं म्हणजे काम झाल्यावर त्याच वरिष्ठांनी त्यांचं मोकळेपणाने कौतुक केलं. रागावणारा साहेब पुष्कळांना भेटतो. रागावून झाल्यावर चांगल्या कामाची नोंद करणारा साहेब मिळायला नशीब लागतं. नव्या माणसाला दोन्हींची गरज असते.

पुढच्या चोवीस वर्षांच्या नोकरीबद्दल मी फार लिहीत नाही, कारण ते सगळीकडे मिळतं. सिंधमधल्या सक्करची पाणीयोजना, सुरतचं काम, नीरा कालव्यावर पाण्याच्या पाळ्या आणि पिकं यांची सांगड घालणारी ब्लॉक पद्धत आणि आपल्या खडकवासल्याच्या धरणावर बसवलेली आपोआप उघडणारी दारं. त्या दारांचं पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकर म्हणून केलेल्या कामाचे जास्तीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पुण्यात असताना न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांच्याशी त्यांचा स्नेह होता. देश उद्योगांशिवाय उभा राहणार नाही, हा विचार त्या सहवासात पक्का झाला असणार. १८९८ मध्ये ते जपानला जाऊन आले आणि तिथे शाळा आणि कारखाने एकमेकांना कसे धरून चालतात हे पाहून आले. १९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्या काळी मुख्य अभियंत्याच्या खुर्चीपर्यंत भारतीय माणूस पोहोचणं जवळजवळ अशक्य होतं.

मग हैदराबादला मुसी नदीच्या महापुरानंतरचं काम, आणि १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. ज्या संस्थानाने अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका गरीब मुलाला पुण्याला धाडलं होतं, त्याच संस्थानात तो मुलगा परतला. १९१२ मध्ये ते दिवाण झाले. शिष्यवृत्ती देणाऱ्या रंगाचार्लूंच्या खुर्चीवर ते स्वतः बसले.

त्यांचे चरित्रकार एक गोष्ट सांगतात. दिवाणपद स्वीकारण्याआधी त्यांनी नातेवाइकांना जेवायला बोलावलं आणि कोणीही नोकरीसाठी किंवा कामासाठी आपल्याकडे शब्द टाकायचा नाही, असं सर्वांकडून कबूल करून घेतलं. वशिला आणि आधार यांतला फरक त्यांना नीट कळत होता. वशिला एकाला आत घेतो आणि त्याच्यापेक्षा लायक असलेल्याला बाहेर ठेवतो. वॉटर्स यांनी त्यांच्यासाठी जे केलं, तो वशिला नव्हता. मुलाला काय येतं हे आधी पाहून मग टाकलेला तो शब्द होता.

दिवाण म्हणून त्यांनी जे केलं, त्यात मला एक सूत्र दिसतं. त्यांना स्वतःला जे हात माणसांच्या रूपात मिळाले होते, त्यांच्या त्यांनी संस्था केल्या. मामा आणि प्राचार्य प्रत्येकाच्या नशिबात नसतात, संस्था मात्र सर्वांसाठी उघडी ठेवता येते. १९१३ मध्ये म्हैसूर शहरात तंत्रशिक्षणाची शाळा आली, हेब्बाळला शेतीची शाळा आली. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ सुरू झालं आणि १९१७ मध्ये बंगळूरचं इंजिनिअरिंग कॉलेज. आता इंजिनिअर व्हायला म्हैसूरच्या मुलाला पुण्याला जाण्याची गरज उरली नाही.

पण नुसती कॉलेजं काढून ते थांबले नाहीत आणि इथे ते माझ्या मते त्यांच्या काळाच्या पुढे होते. शिकलेल्या मुलांना सरकार किती नोकऱ्या देणार? त्यांच्या वेळी वर येणाऱ्यांसाठी जागेची हमी होती. बाकीच्यांचं काय? म्हणून कॉलेजांच्या बरोबरीने त्यांनी कामाच्या जागा उभ्या करायला घेतल्या. १९१३ मध्ये म्हैसूर बँक, मग चंदन तेलाचा कारखाना, साबणाचा कारखाना, आणि भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, जो १९२३ मध्ये चालू झाला. म्हैसूर सँडल साबणाची वडी आपल्यापैकी अनेकांच्या आजीच्या ट्रंकेत असायची. त्या वडीमागे शिकलेल्या पोरांनी काम करायचं कुठे हा प्रश्न होता, हे मला चाळिशीत कळलं. पूल एका काठावर उभा राहत नाही. शाळा हा एक काठ आणि काम हा दुसरा, आणि पाया दोन्हीकडे भरावा लागतो.

आता एक अवघड भाग. तो गाळून चरित्र सांगितलं तर ते केक कापण्यापुरतंच उरेल. १९१८ मध्ये म्हैसूरमध्ये मोठा वाद झाला. संस्थानच्या वरच्या सरकारी नोकऱ्यांत बहुतेक ब्राह्मण होते. बाकीच्या समाजांनी आपला वाटा मागितला. महाराज कृष्णराज वडियार यांनी न्यायमूर्ती मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना ते मान्य नव्हतं. नेमणूक गुणांवरच व्हावी, नाहीतर कारभार ढासळेल, असं त्यांचं मत होतं. शिक्षण सर्वांपर्यंत न्या, मग नोकऱ्या आपोआप सर्वांना मिळतील, असं ते म्हणत. मतभेद मिटले नाहीत आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी दिवाणपद सोडलं.

मी त्यांना मानते, पण इथे मला त्यांचं पटत नाही. पुण्याच्या परीक्षेतला पहिला नंबर त्यांच्या स्वतःच्या मेहनतीचा होता, यात शंका नाही. पण त्या परीक्षेला बसण्यापर्यंत त्यांना ज्या हातांनी पोहोचवलं, ते हात ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळख होती त्यांनाच सहज सापडत होते. ज्याच्या घरात शिकलेला मामा नाही आणि ज्याच्यासाठी शब्द टाकणारा प्राचार्य नाही, त्याचे गुण दिसणार कधी? आपल्या कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी याच प्रश्नाचं उत्तर १९०२ मध्येच वेगळं दिलं होतं आणि मागास समाजांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. शाळेचं दार उघडलं की बाकीचं आपोआप होईल, हा भरवसा महाराजांनी ठेवला नाही.

हे लिहिताना मला आपल्याच वर्गातली एक मैत्रीण आठवते. नाव लिहीत नाही. दहावीच्या गणितात तिला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त होते. बीजगणिताची उदाहरणं मी तिच्याकडून समजून घेत असे. तिनेही पदवी घेतली, पहिल्या वर्गात. तिच्या घरात पदवी घेणारी ती पहिलीच. पुढे कुठे अर्ज करायचा, मुलाखतीला काय घालायचं, पुण्यात राहायचं कुठे, हे सांगणारं तिला कोणी नव्हतं. दीड वर्ष तिने वाट पाहिली. मग घरच्यांनी वाट पाहणं थांबवलं. मला ताई भेटली आणि तिला भेटली नाही, एवढाच आमच्या दोघींतला फरक. गुणांचा नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला नोकरी लागल्यावर मी तिच्यासाठी ताई होऊ शकले असते. माझ्या ते डोक्यातच आलं नाही. ही रुखरुख मला आहे, म्हणूनच हा लेख.

विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद सोडलं, पण हा प्रश्न सोडला नाही. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने तांत्रिक आणि औद्योगिक शिक्षणासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. पुढे काही वर्षं त्यांनी भद्रावतीच्या कारखान्याचा कारभार पाहिला. त्या कामाचा मोबदला त्यांनी स्वतःसाठी घेतला नाही. त्यातून मुलांना हातात कसब देणारी, काम शिकवून बाहेर पाठवणारी संस्था काढावी, असं सुचवलं. १९४३ मध्ये बंगळूरला ती संस्था सुरू झाली. तिला स्वतःचं नाव त्यांनी लावू दिलं नाही. महाराज जयचामराजेंद्र यांचं नाव तिला मिळालं. तेव्हा त्यांची ऐंशी उलटून गेली होती. शिकवण्या करून बी. ए. झालेला मुलगा म्हातारपणीही विसरला नव्हता की परीक्षा संपल्यावरच खरी काळजी सुरू होते.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. एप्रिल १९६२ मध्ये, शंभरी ओलांडून, ते गेले. त्याच्या आदल्याच वर्षी संसदेने शिकाऊ उमेदवारांसाठी अॅप्रेंटिसशिपचा कायदा केला होता. त्या कायद्यात १९७३ मध्ये इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि पदविकाधारकही आले. आज या योजनेत नव्या पदवीधराला एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम शिकता येतं, महिन्याला विद्यावेतन मिळतं आणि किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. पश्चिम भारतासाठी तिचं कार्यालय मुंबईत आहे. आपल्या बॅचमध्ये कारखाना असलेले, सीए फर्म चालवणारे, हॉस्पिटल असलेले किती जण आहेत, ते मी ग्रुपवर मोजलं. हा आकडा लहान नाही. त्यांतल्या किती जणांकडे असे शिकाऊ उमेदवार आहेत, ते ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

आपल्या स्नेहमेळाव्यात शाळेला काय भेट द्यायची, यावर बरीच चर्चा झाली आहे. वॉटर कूलर, प्रोजेक्टर, कमानीला रंग. सगळं द्यावं. माझी विनंती त्याशिवायची आहे. आपल्या शाळेतून दहावी झालेली जी मुलं-मुली यंदा पदवीच्या किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांची यादी शाळेच्या कार्यालयाकडून मिळवता येईल. आपण प्रत्येकाने त्यातला एक जण घ्यावा, फक्त एका वर्षासाठी. महिन्यातून दोन फोन. बायोडेटा एकदा लाल पेनने तपासायचा. एक खोटी मुलाखत घ्यायची. पहिल्यांदा पुण्या-मुंबईला येणाऱ्याला चार रात्री राहायला जागा द्यायची. नोकरी लावून द्यायची नाही, तो वशिला झाला. आणि ज्यांच्या घरात पदवी घेणारं हे पहिलंच माणूस आहे, त्यांची नावं यादीत सगळ्यात वर ठेवावीत.

ज्या सरांनी आणि बाईंनी आपल्याला शिकवलं, त्यांनी त्यांच्या बाजूचा काठ भक्कम बांधून दिला. दुसऱ्या काठावर आता आपण उभे आहोत. यादी तयार करायचं काम मी घेते. मेळाव्याच्या दिवशी जेवणाच्या हॉलबाहेर वही घेऊन बसेन. पहिलं नाव माझं लिहिलेलं असेल.